कामाच्या ठिकाणी धर्माचा किंवा राजकारणाचा दबाव आला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातल्या नोकरदारांचे आहेत. कुणी कारखान्यात आहे, कुणी शाळेत, कुणी पतसंस्थेत, कुणी आयटीत, कुणी सरकारी कचेरीत. कायदा जिथे तुमच्या बाजूने ठाम आहे तिथे तसं सांगितलं आहे. जिथे तो तोकडा पडतो तिथेही लपवाछपवी केलेली नाही. ‘संविधानात लिहिलंय’ एवढ्या भरवशावर साहेबांशी भांडायला गेलेली आणि नोकरी गमावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आपला हक्क कुठवर पोचतो हे आधी ठाऊक असलेलं बरं.

आग्रह आणि दबाव यात फरक कसा ओळखायचा?

‘नाही’ म्हटल्यावर पुढे काय होतं ते बघा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, ‘चला हो, सत्यनारायणाला या, प्रसाद घेऊन जा’, तुम्ही गेला नाहीत आणि दुसऱ्या दिवशी चहा नेहमीसारखाच एकत्र झाला, तर तो आग्रह. तेच वाक्य तुमची पगारवाढ ठरवणाऱ्या माणसाने म्हटलं आणि न गेल्यावर तुमची शिफ्ट बदलली, तर तो दबाव. शब्द तेच असतात. फरक म्हणणाऱ्याच्या हातात काय आहे याचा असतो.

बहुतेक वेळा कुणी हुकूम देतच नाही. एका वर्कशॉपमध्ये गणपतीच्या वर्गणीची यादी नोटीस बोर्डावर लावलेली असायची. डावीकडे नावं, उजवीकडे रक्कम, प्रत्येकापुढे ५०१ नाहीतर १०१. एका फिटरच्या नावापुढे मात्र कोरी जागा. ती यादी विसर्जन होऊन गेल्यावरही कित्येक दिवस तशीच होती. त्याला कुणी काही बोललं नाही. पण येता-जाता सगळ्यांची नजर त्या कोऱ्या जागेवर जायची, आणि त्याचीही. पुढच्या वर्षी त्याने मुकाट्याने ५०१ भरले. तोंडी किंवा लेखी आदेश नसला तरी हा दबावच आहे, आणि व्यवस्थापनाने तो कागद खाली उतरवायला हवा होता.

मी खासगी कंपनीत आहे. संविधानाने दिलेलं धर्मस्वातंत्र्य मला लागू नाही का?

तुम्हाला धर्मस्वातंत्र्य आहेच. पण हे मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागायचे असतात. अनुच्छेद २५ सदसद्विवेकाचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद १६ सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतो. जिल्हा परिषद, महामंडळ, सरकारी बँक अशा ठिकाणी तुम्ही असाल तर या आधारे थेट उच्च न्यायालयात दाद मागता येते. चाकणच्या एखाद्या खासगी कंपनीविरुद्ध तशी रिट याचिका सहसा टिकत नाही.

आणि खासगी नोकरीत धर्मावरून किंवा राजकीय मतावरून भेदभाव करायला मनाई करणारा एक सर्वंकष कायदा आपल्या देशात आजही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा १११ क्रमांकाचा करार धर्म आणि राजकीय मत या दोन्ही कारणांवरून नोकरीत होणाऱ्या भेदभावाविरुद्ध आहे. भारताने तो १९६० मध्ये मान्य केला. मात्र त्याला साजेसा देशांतर्गत कायदा झालेला नाही. लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३ चा कायदा आला आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक झाली. धर्माच्या किंवा राजकारणाच्या दबावासाठी अशी सक्तीची समिती नाही. ही उणीव फार मोठी आहे आणि ती भरून निघायला हवी.

तोवर काय? तोवर संरक्षण तुकड्या-तुकड्यांत मिळतं: थोडं वेतनाच्या कायद्यात, थोडं निवडणूक कायद्यात, थोडं फौजदारी कायद्यात, थोडं कामगार कायद्यातल्या ‘अनुचित प्रथा’ या प्रकरणात. खालच्या उत्तरांत हेच तुकडे एकेक करून घेतले आहेत.

दसऱ्याची यंत्रपूजा, ऑफिसातला सत्यनारायण, सकाळची प्रार्थना: हजर राहणं सक्तीचं करता येतं का?

खंडेनवमी-दसऱ्याला मशीन धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडायची आपल्याकडची रीत जुनी आहे. कित्येक कामगारांना तो वर्षातला सगळ्यात आवडता दिवस वाटतो. त्या दिवशी मशीन मालकाचं नसतं, ऑपरेटरचं असतं. या आनंदावर कुणाचा आक्षेप नाही. प्रश्न येतो तो ज्याला हात जोडायचे नाहीत त्याच्या बाबतीत. तो मुस्लिम असेल, ख्रिस्ती असेल, बौद्ध असेल, नास्तिक असेल किंवा नुसताच ‘मला हे पटत नाही’ म्हणणारा असेल.

२०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नाशिकच्या एका शिक्षकाचं प्रकरण आलं होतं. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. यावरून त्यांच्याविरुद्ध शेरे मारले गेले आणि वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. न्यायालयाने सांगितलं की शिक्षकाला हात जोडायची सक्ती करणं हा त्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. त्याआधी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन मुलांच्या प्रकरणात असाच निकाल दिला होता. ही मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, मात्र श्रद्धेमुळे ते म्हणत नसत. त्यांना शाळेतून काढणं न्यायालयाने चूक ठरवलं. आदर राखून गप्प राहण्याचा हक्क या दोन्ही निकालांतून पक्का होतो.

दोन्ही प्रकरणं शाळांची आहेत आणि शिक्षणसंस्थांना संविधानाचे काही वेगळे नियम लागू पडतात. खासगी कारखान्याला हे निकाल जसेच्या तसे बांधील नसतात. तरीही व्यवस्थापनाशी बोलताना ते उपयोगी पडतात, कारण ‘हात जोडले नाहीत म्हणजे शिस्तभंग’ हा युक्तिवाद उच्च न्यायालयात टिकला नाही एवढं तुम्ही दाखवू शकता.

व्यवहारात काय करावं? पूजा सुरू व्हायच्या आधीच सुपरवायझरला शांतपणे सांगून ठेवा: ‘मी माझ्या मशीनची साफसफाई करून देतो, पूजेच्या वेळी बाजूला थांबतो, नंतर पेढा घ्यायला येतो.’ ऐन वेळी, सगळ्यांसमोर, नारळ हातात दिल्यावर नकार द्यायची वेळ येऊ देऊ नका. तिथे तुमचंही म्हणणं नीट पोचत नाही आणि समोरच्यालाही अपमान वाटतो.

हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. मालक ख्रिस्ती असेल आणि दिवसाची सुरुवात बायबलच्या वाचनाने करत असेल, मालक मुस्लिम असेल आणि रमजानमध्ये कँटीन बंद ठेवून सगळ्यांनाच उपाशी बसवत असेल, किंवा एखाद्या गुरूंच्या ध्यानशिबिराला ‘लीडरशिप ट्रेनिंग’ म्हणून पाठवत असेल, तरी निकष बदलत नाही. ध्यानशिबिराचा प्रकार अलीकडे बराच वाढला आहे. तो धार्मिक वाटत नसल्यामुळे नकार देणंही अवघड जातं. तिथे लेखी विचारा: हे प्रशिक्षण माझ्या कामाच्या कोणत्या भागाशी संबंधित आहे, आणि न गेल्यास मूल्यमापनावर परिणाम होणार आहे का? हे दोन प्रश्न ईमेलवर गेले की बऱ्याचदा सक्ती आपोआप ‘ऐच्छिक’ होते.

न विचारता वर्गणी पगारातून कापली. काय करू?

इथे कायदा स्पष्टपणे तुमच्या बाजूला आहे. पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यातच दिलेली आहे. आधी ती १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होती, आता वेतन संहिता, २०१९ मध्ये आहे. गैरहजेरी, आयकर, भविष्य निर्वाह निधी, उचल, सहकारी पतपेढीचा हप्ता, तुमच्या लेखी संमतीने युनियनची वर्गणी, अशा गोष्टी त्यात येतात. गणपती, भंडारा, मंदिराचा जीर्णोद्धार, उरूस, पक्षनिधी यांतलं काहीही त्या यादीत नाही. पगाराची स्लिप जपून ठेवा, आधी लेखी परत मागा, नाही मिळालं तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. रक्कम १०० रुपये असली तरी द्या.

बाहेरचं मंडळ गेटवर पावतीपुस्तक घेऊन येत असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आहे का ते विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

आमचे चेअरमनसाहेब विधानसभेला उभे आहेत. कारखान्याच्या सगळ्या कामगारांना प्रचाराला जावं लागतं. याला काही इलाज?

सगळ्यात जास्त प्रश्न याच विषयावर येतात आणि ते साहजिक आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, सूतगिरणी, शिक्षणसंस्था या सगळ्यांच्या मुळाशी एखादं राजकीय घराणं असतं. नोकरी तिथली, पोराचं कॉलेज तिथलं, ऊस जातो तोही तिथेच. अशा ठिकाणी साहेबांना ‘नाही’ म्हणणं म्हणजे नुसती नोकरी पणाला लावणं नव्हे, सगळा संसारच उघड्यावर आणणं. हे माहीत असल्यामुळेच दबाव टाकायला कुणाला आवाज चढवावा लागत नाही. सकाळी गेटवर बस उभी असते, टाइमकीपर म्हणतो, ‘आज हजेरी सभेच्या मंडपात’, आणि मस्टर खरोखरच मंडपात येतं. शाळेतल्या सरांना वाड्या वाटून दिलेल्या असतात आणि रात्री कुणाच्या वाडीत किती घरं झाली याचा हिशेब द्यावा लागतो.

कायदा काय म्हणतो ते बघू. मतदाराच्या किंवा उमेदवाराच्या मतदान हक्कात स्वेच्छेने ढवळाढवळ करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ नुसार ‘गैरवाजवी दडपण’ आणण्याचा गुन्हा आहे. कलम १७४ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मध्ये हेच कृत्य भ्रष्टाचरण ठरतं आणि त्यावरून निवडून आलेल्या उमेदवाराची निवड रद्द होऊ शकते. ‘मत दिलं नाहीस तर नोकरी जाईल’ ही धमकी यात नक्की बसते. नुसतं सभेला बसमधून नेणं मात्र सिद्ध करायला कठीण जातं, कारण मागून सगळे म्हणतात, ‘आपखुशीनेच गेले होते.’ म्हणूनच मस्टर मंडपात आलं असेल, रजेचे अर्ज एकगठ्ठा भरून घेतले असतील किंवा संस्थेच्या वाहनांचं डिझेल वापरलं गेलं असेल, तर त्या गोष्टींच्या नोंदी महत्त्वाच्या ठरतात.

आचारसंहिता लागू असताना निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप वापरा. त्यावर जागेवरून फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो, नाव गुप्त ठेवता येतं, आणि १०० मिनिटांत कार्यवाही करायचं बंधन यंत्रणेवर असतं. १९५० हा मदत क्रमांकही आहे. गावात नाव फुटायची भीती असेल तर तुमच्या ओळखीचा, त्या संस्थेशी संबंध नसलेला माणूस तक्रार करू शकतो.

एक गोष्ट वेगळी ठेवा. कारखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या स्वतःच्या संचालक मंडळाची निवडणूक असेल तर हे नियम लागत नाहीत. ती राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या अखत्यारीत येते आणि तक्रार तिथे करावी लागते.

मी कुणाला मत दिलं ते साहेबांना कळतं म्हणे. खरं आहे का?

नाही. तुमचं एकट्याचं मत कुणालाही कळत नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद तुम्हालाच दिसते आणि पेटीत पडते. मतदान कक्षात मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे ‘फोटो काढून दाखव’ असं सांगणारा माणूस तुम्हाला कायदा मोडायला सांगतोय. गुप्तता भंग करणाऱ्या निवडणूक कर्मचाऱ्याला १९५१ च्या कायद्याच्या कलम १२८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मग ही अफवा टिकते कशी? कारण मतमोजणीत केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. ‘तुमच्या वस्तीच्या बूथवर आपल्याला ४०० पैकी ६०च पडली’ एवढं साहेबांना खरंच कळतं. त्यावरून ते अख्ख्या वस्तीवर नाराज होतात, आणि नाराजी अशी दाखवतात की जणू प्रत्येकाचं मत त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. या आकड्यावरून तुमचं नाव काढता येत नाही हे घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही समजावून सांगा. सगळ्यात जास्त भीती त्यांनाच घातली जाते.

मतदानाच्या दिवशी सुट्टी देणं मालकावर बंधनकारक आहे का?

हो. १९५१ च्या कायद्याचं कलम १३५ ख लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानासाठी पगारी सुट्टी देतं. रोजंदारीवरचा मजूरही त्यात येतो. तुम्ही पुण्यात काम करता आणि नाव गावाकडच्या यादीत आहे, तरी सुट्टी मिळते. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामाला अपवाद आहे. तिथे राज्य शासनाच्या परिपत्रकानुसार दोन-तीन तासांची सवलत मिळते. नियम मोडणाऱ्या मालकाला दंड आहे फक्त ५०० रुपयांपर्यंत. एवढ्याशा दंडाला कोण घाबरणार? ही रक्कम वाढायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

मी सरकारी कर्मचारी आहे. माझे नियम वेगळे आहेत का?

बरेच वेगळे आहेत, आणि इथे नियम एकाच वेळी तुम्हाला बांधतात आणि वाचवतातही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला पाचवा नियम राजकीय पक्षाचं सदस्यत्व, प्रचार आणि निवडणुकीतली ढवळाढवळ यांना मनाई करतो. मत द्या, पण कुणाला दिलं किंवा देणार हे सूचित करू नका, असं त्यात आहे. म्हणून एखाद्या लोकप्रतिनिधीचा माणूस ‘तुमच्या स्टाफला जरा सभेला पाठवा’ म्हणाला तर तुमच्याकडे तयार उत्तर असतं: ‘नियमात बसत नाही, साहेब. लेखी द्या, मी वर विचारतो.’ लेखी कुणी देत नाही.

मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून सरकारी नोकराने उमेदवारासाठी बसणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ क नुसार गुन्हा आहे. उमेदवाराने सरकारी नोकराची मदत घेणं हे त्याचं भ्रष्टाचरण ठरतं.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कामात भाग घ्यायला १९६६ च्या आदेशापासून असलेली मनाई ९ जुलै २०२४ च्या आदेशाने उठली. याचा अर्थ ज्याला जायचं आहे त्याला जाता येईल. ज्याला जायचं नाही त्याला साहेबाने नेता येत नाही. बंदी उठणं आणि सक्ती होणं यांत कुणी गल्लत करत असेल तर आदेशाची प्रत समोर ठेवा.

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज धार्मिक आणि पक्षाचे फॉरवर्ड येतात. साहेब विचारतात, ‘तुझा अंगठा दिसला नाही’. काय करू?

कामाचा ग्रुप वेगळा आणि गप्पांचा वेगळा असावा, अशी मागणी एचआरकडे करा. ती कुणाच्या श्रद्धेविरुद्ध नाही, म्हणून मान्यही लवकर होते. कामाच्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडू शकत नाही. गप्पांच्या ग्रुपमधून केव्हाही पडू शकता. अंगठा द्यायचं कुणावरही बंधन नाही. साहेब जाहीरपणे हजेरी घेत असतील तर त्या संदेशाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवून द्या.

द्वेष पसरवणारा मजकूर आला तर तो पुढे पाठवू नका, ‘बघा हे काय पाठवलंय’ म्हणूनही नको. न्याय संहितेचं कलम १९६ गटागटांत वैर वाढवण्याबद्दल आहे, कलम २९९ धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दल. गुन्हा दाखल झाला की पाठवणाऱ्यांच्या साखळीत तुमचंही नाव येतं. तुम्ही ग्रुपचे ॲडमिन असाल तर घाबरू नका: सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे.

टिकली, हिजाब, दाढी, गळ्यातला ताईत, डब्यातलं मटण: यावर मालक नियम करू शकतो का?

सुरक्षेचा नियम करू शकतो, सगळ्यांना सारखाच. लेथवर काम करताना माळ, ओढणी, मंगळसूत्र, गंडा काहीच लोंबू नये, हा नियम जिवाशी निगडित आहे आणि तो पाळायलाच हवा. गणवेशधारी दलांत नियम आणखी कडक असतात. हवाई दलातल्या दाढीच्या प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दलाच्या शिस्तीच्या बाजूने निकाल दिला होता. साध्या ऑफिसात मात्र एकाचा टिळा चालतो आणि दुसरीचा हिजाब चालत नाही, किंवा याच्या उलट, असा दुजाभाव दिसला की तो लेखी नोंदवावा.

डब्याचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण माणसाला एकटं पाडायला तो पुरेसा असतो. कँटीनमध्ये काय शिजवायचं हे कंपनी ठरवू शकते. तुम्ही घरून काय आणता यावर टोमणे मारायचा अधिकार तिला नाही, आणि ‘वास येतो’ म्हणून एकाच समाजाच्या माणसांना जिन्याखाली बसवणं तर अजिबात नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्याला जातीवरून असं वागवलं गेलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो.

सहकारी सारखा ‘आमच्या धर्मात ये’ म्हणतो.

एकदा सांगणं हा त्याचा हक्क, थांबायला सांगणं हा तुमचा. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटलं आहे. एकदा स्पष्ट नकार द्या, शक्यतो संदेशातून. त्यानंतरही चालू राहिलं तर एचआरला कळवा. तो वरिष्ठ असेल आणि बढतीचं किंवा पैशाचं आमिष दाखवत असेल तर वाट बघू नका.

तक्रार नेमकी कुठे करायची?

पहिल्यांदा वहीत. तारीख, वेळ, काय म्हटलं, कोण हजर होतं, तुम्ही काय उत्तर दिलं. त्याच दिवशी, आपल्या अक्षरात. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या कागदाला फारशी किंमत राहत नाही. संभाषणाचं रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः त्यात सहभागी असाल तरच करा.

मग कंपनीच्या आत. वीस किंवा अधिक कामगार असतील तर औद्योगिक संबंध संहितेनुसार तक्रार निवारण समिती असायलाच हवी, तिच्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने. घटनेपासून एका वर्षात अर्ज करता येतो आणि समितीने तीस दिवसांत काम संपवायचं असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार निर्भयपणे तक्रार करायची यंत्रणा ठेवावी लागते. तिचा ईमेल पत्ता संकेतस्थळावर सापडतो. मोठ्या कंपन्यांच्या आचारसंहितेत धर्मावरून भेदभाव करणार नाही असं वाक्य बहुधा असतंच. तक्रारीत त्या वाक्याचा क्रमांक द्या. आपल्याच कागदाशी विसंगत वागताना पकडलं जाणं कंपनीला सगळ्यात जास्त झोंबतं.

बाहेर जायची वेळ आली तर आधी स्वतःला विचारा: मी कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ आहे का? व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक त्यात बसत नाहीत. बसत असाल तर सूडबुद्धीने काढून टाकणं, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली वाईट हेतूने बदली करणं, गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं या ‘अनुचित कामगार प्रथा’ आहेत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, ज्याला कामगार न्यायालयात सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात, तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, त्यामुळे अर्ज कोणत्या कायद्याखाली, कोणत्या मंचापुढे करायचा हे वकिलाकडून किंवा युनियनकडून पक्कं करून घ्या आणि सगळ्यात छोटी मुदत धरून चाला. खासगी शाळेतून बडतर्फ केलं तर आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावं लागतं. हे ३० दिवस ‘साहेबांना भेटून बघू’ करत निघून जातात.

छळ करणारा सरकारी नोकर असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. धमकी दिली असेल तर पोलीस ठाणं, न्याय संहितेचं कलम ३५१.

‘राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू’ असं म्हणतात. देऊन टाकू का?

त्या खोलीत बसून अजिबात देऊ नका. ‘घरी विचारून उद्या सांगतो’ एवढंच म्हणा आणि बाहेर पडा. सही झालेला राजीनामा जबरदस्तीने घेतला हे नंतर सिद्ध करणं फार अवघड असतं. सही झालीच असेल तर त्याच दिवशी ईमेल करा: हा राजीनामा दबावाखाली घेतला आहे, मी तो मागे घेतो. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर जा. गेटवर अडवलं तर तेही ईमेलवर कळवा.

मी अमेरिकेत / इंग्लंडमध्ये काम करतो. तिथे?

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण पंधरा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी धर्मावरून भेदभावाला मनाई करतं. आपला धर्म पाळण्याइतकंच दुसऱ्याच्या श्रद्धेत ओढलं न जाण्याचं संरक्षणही त्यात आहे. न्यूयॉर्कजवळच्या एका कंपनीत मालकांच्या नातलगाने सुरू केलेल्या पंथाच्या प्रार्थना कर्मचाऱ्यांवर लादल्या गेल्या होत्या. २०१८ मध्ये ज्युरीने दहा कर्मचाऱ्यांना ५० लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. तक्रारीची मुदत राज्यानुसार १८० किंवा ३०० दिवस. राजकीय मताचं संरक्षण तिथे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात ते आहे. इंग्लंडमध्ये २०१० चा समानता कायदा ‘धर्म किंवा श्रद्धा’ या दोन्हींना संरक्षण देतो, आणि धर्म न मानणंही त्यात येतं.

मी छोटा उद्योजक आहे, बारा माणसं आहेत. दसऱ्याची पूजा बंद करू का?

मुळीच नको. माळा घाला, पेढे वाटा, ज्याला पूजा करायची त्याला मनापासून करू द्या. फक्त चार गोष्टी सांभाळा. आमंत्रण तुमच्या नावाने जाऊ दे, पण हजेरी घेऊ नका. वर्गणीसाठी बंद पाकिटाचा डबा ठेवा. यादी भिंतीवर लावू नका आणि कुणी किती दिलं ते तुम्हीही बघू नका. दिवाळीच्या बोनसचा आणि पूजेचा एकमेकांशी संबंध आहे असा संशयसुद्धा येऊ देऊ नका, म्हणून बोनसचं पत्र आधी द्या. आणि तुमचा एखादा मित्र नगरसेवकपदाला उभा राहिला तर त्याला शॉपफ्लोअरवर हात जोडत फिरवू नका; चहा प्यायला केबिनमध्ये बोलवा. ईदला ज्याला दोन तास उशिरा यायचंय, १४ ऑक्टोबरला ज्याला दीक्षाभूमीला जायचंय, नाताळला ज्याला गावी जायचंय, त्यांच्या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहून टाका. म्हणजे त्या दिवशी कुणाला काही मागायची वेळ येणार नाही आणि तुम्हालाही शिफ्टची माणसं आधीच लावता येतील.